भगंदर आणि धुण्याचा दगड

माझ्या आयुष्यात मला एकदाच भर सभेत टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मिळवून देणारा अवयव कोणता होता, हे सभेतल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं. मी पुढं कित्येक वर्षं ते कुणाला सांगितलंही नाही. आता वय असं झालंय की दवाखान्यातल्या बाकावर शेजारी बसलेला अनोळखी माणूससुद्धा आपल्या पोटाचा सगळा इतिहास न विचारता सांगतो. मग मीच काय म्हणून लाजायचं?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. इंजिनं अजून कोळशाची होती, आणि मी दौंड स्टेशनात बुकिंग क्लार्क होतो. आमचं गाव वडगाव रासाई. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सगळं आयुष्य दुसऱ्याच्या उसाला दारं धरण्यात गेलं. पाटाचं पाणी फावड्यानं एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायचं, दिवस असो की रात्र. त्यामुळं मी नोकरीला लागलो तेव्हा आप्पा गावभर एकच वाक्य सांगत फिरले, "पोरगं खुर्चीत बसून पगार घेतंय." कामाचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. खुर्चीचं होतं. आमच्या घराण्यात खुर्चीत बसणारा मी पहिला, आणि माझं दुखणं निघालं तेही नेमकं बसायच्या जागी.

सुरुवात झाली एका बेंडानं. उन्हाळ्यात सगळ्यांना होतात तसं, फक्त जागा अशी की दाखवायची सोय नाही. मी रजा काढून गावी गेलो आणि आईला सांगितलं की मांडीला बेंड आलंय. आईनं कांदा भाजून त्याचं पोटीस केलं आणि म्हणाली, "कुठं हाय दाव, मी बांधते." मी म्हणालो, माझं मी बांधतो. ती म्हणाली, "मांडी न्हवं व्हय? का लगीन ठरल्यापास्नं मांडीबी लाजाया लागली?" मी पोटीस घेऊन गोठ्यात गेलो आणि अंदाजानं लावलं. निम्मं पोटीस धोतराला लागलं.

दोन दिवसांनी दौंडला ड्यूटीवर असतानाच ते फुटलं. काय सुख वाटलं म्हणून सांगू! त्या दुपारी मी प्रवाशांशी इतकं गोड बोललो की पाटसच्या एका म्हातारीनं खिडकीतून हात घालून माझ्या गालावरून फिरवला. मला वाटलं, संपलं.

ते संपलेलं नव्हतं. बेंडाच्या जागी एक बारीक भोक राहिलं. ते चार दिवस कोरडं राहायचं आणि पाचव्या दिवशी पाझरायचं. पू यायचा, कधी जरा रक्त. कपड्याला डाग पडायचा, वासही यायचा. आमच्याकडं त्या भागातल्या कुठल्याही दुखण्याला एकच नाव, मूळव्याध. म्हणून मीही मूळव्याध समजून चाललो. मूळव्याधीला सुरण चांगला हे ऐकून होतो. दर बाजारला मी पायलीएवढा सुरणाचा गड्डा घेऊन घरी येऊ लागलो.

तोवर माझं लग्न झालं होतं. बायको शिरूरची. सासरे तिथं एका शाळेत शिपाई होते आणि मुलीला त्यांनी सातवीपर्यंत शिकवलं होतं. बोलायला चुरचुरीत, कामाला झपाटा. तिला वाटलं नवऱ्याला सुरण फार आवडतो. तिनं सुरणाची भाजी केली, सुरणाचे काप केले, चिंच घालून रस्सा केला. घसा खाजून खाजून माझा आवाज बसला, तरी मी "वा, वा" म्हणत खात होतो. तिचा भाऊ भेटायला आला तेव्हा तिनं त्यालाही मोठ्या कौतुकानं सुरण वाढला. तो बिचारा परत कधी जेवायच्या वेळेला आला नाही.

खाण्याचं निभावलं, पण कपड्यांचं काय करायचं? डाग पडलेला लेंगा आणि आतले कपडे तिच्या हाती पडले तर ती विचारणार, आणि विचारलं तर सांगावं लागणार. नव्या नवरीला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? कॉलनीत आमच्या क्वार्टरांच्या रांगेला एकच नळ होता आणि नळाखाली धुण्याचा मोठा काळा दगड. पाणी पहाटे यायचं. बायका यायच्या आत मी बादली घेऊन तिथं हजर व्हायचो. माझे कपडे मी स्वतः धुवायचो, स्वतः पिळायचो आणि स्वतः वाळत घालायचो. बायकोला सांगून ठेवलं, "माझ्या कपड्यांना तू हात लावायचा नाही."

कुणाच्या नजरेस पडणार नाही असं मला वाटत होतं. रेल्वे कॉलनीत असं काही नसतं. आठ दिवसांत सगळ्या रांगेला कळलं की बुकिंगबाबू स्वतःचे कपडे स्वतः धुतो. त्या काळात पुरुषानं धुण्याच्या दगडाशी बसणं म्हणजे एक तर बायको मेलेली असणार, नाहीतर डोकं फिरलेलं. माझं दोन्ही नव्हतं. त्यामुळं बायकांनी तिसरा निष्कर्ष काढला, की हा माणूस सुधारक आहे.

शेजारच्या क्वार्टरमध्ये एक फायरमन राहायचा. इंजिनावरून उतरला की दात आणि डोळे सोडून सगळा काळा. त्याचे कपडे धुताना त्याच्या बायकोचे खांदे निघायचे. ती त्याला माझ्याकडं बोट करून दाखवायची. एकदा त्यानं मला नळावर गाठलं. "बाबू, तुमचं काय वाकडं केलं म्या? काल घरात शिरलो तर बायकू म्हनली, ते बघा बाबू, कसं बायकूला मान देत्यात. आन् फुडं साबन ठिवला. कोळसा मारून आलेल्या मान्साफुडं साबन! तुमास्नी धुयाचं आसंल तर घरात धुवा की!"

मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "बदल स्वतःपासून करावा लागतो." त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की अंगावर बादली ओततोय की काय असं वाटलं.

हे दौंडातल्या आमच्या समाजाच्या वस्तीपर्यंत पोचलं. जयंतीची कमिटी माझ्याकडं आली. सगळे ओळखीचे, कुणी गँगमन, कुणी शेडमधला फिटर. म्हणाले, "बाबू, अवंदा 'घरातली समता' ह्या विषयावर तुमीच बोलायचं. बोलनारं लई हायती. करून दाखिवनारं तुमीच." मी नाही म्हणायला हवं होतं. पण खुर्चीवाल्या माणसाला भाषणाला बोलावलं की त्याला नाही म्हणवत नाही.

विहारापुढच्या पटांगणात मांडव घातला होता. पाहुण्यांसाठी लोखंडी खुर्च्या होत्या. मला बसा बसा म्हणाले, मी हात जोडून उभाच राहिलो. त्या आठवड्यात बसणं म्हणजे शिक्षाच होती. कमिटीचे अध्यक्ष माइकवर म्हणाले, "समाजातली जाणती माणसं खाली बसलीत म्हणून आमचे वक्ते खुर्चीत बसायला तयार नाहीत." इथंच पहिल्या टाळ्या पडल्या. मग मी बोललो. पंचशील घेतलेल्या घरात एक राबणार आणि एक बसून खाणार हे चालायचं नाही, असं बोललो. माणसानं आपली घाण आपण धुवावी, असं बोललो, आणि ते अगदी मनापासून बोललो. बायकांच्या बाजूनं टाळ्यांचा पाऊस पडला. पुरुषांच्या बाजूला फायरमन हाताची घडी घालून बसला होता.

माझी बायको बायकांमध्ये पुढंच बसलेली. ती तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. खाली मान घालून सतरंजीचा धागा ओढत होती.

घरी आल्यावर मी कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "माझ्या हाताला काय झालंय?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"सगळ्या लायनीतल्या बायका मला म्हनत्यात, तुझं नशीब. कसलं नशीब? माझ्या हातचं खाता, पर तुमच्या कापडाला मी शिवायचं न्हाई. शेजेला येता तर भितीकडं तोंड करून निजता. माझ्या आजीला गावानं पानवठ्याला शिवू दिलं न्हाई. ती गावची रीत व्हती. तुमी तर आपलेच. तुमी घरातल्या घरात माझा विटाळ धरता, आन् वर मांडवात समतेवर बोलता?"

माझ्याच आजीच्या अंगावरून लोक लांबून जायचे, आणि माझ्या बायकोला माझ्याच घरात तसं वाटत होतं. त्याच क्षणी खरं सांगून टाकायला हवं होतं. एका वाक्याचं काम. पण मी काय केलं? म्हणालो, "तसं काही नाही. तुझा गैरसमज आहे." बायको आपल्याला दुष्ट समजली तरी चालेल, पण तिला तो डाग दिसता कामा नये, इतका मी शहाणा होतो.

दुसऱ्या दिवशी तिनं पत्र्याची पेटी भरली आणि शिरूरची एसटी धरली. जाताना म्हणाली, "ज्याच्या मनात विटाळ न्हाई आशा मान्सानं न्यायला यावं. तसं नसंल तर येऊ नका." ही बाई बोलेल ते करणारी होती. मी नुसत्या पोकळ शब्दांवर न्यायला गेलो तर ती परत येणार नव्हती, हे मला चांगलं माहीत होतं.

ती गेली आणि पंधरवड्यात एक चमत्कार झाला. भोक बुजलं. वर छान कातडी आली, पाझर बंद, डाग बंद. मला सुरण पावला! आता काही सांगायचीच गरज नव्हती. शिरूरला जायचं, म्हणायचं, "हे माझे कपडे, खुशाल धू," आणि तिला घेऊन यायचं. मी पांढरीशुभ्र पँट चढवली, पेढ्यांचा पुडा घेतला आणि एसटीत बसलो.

चौफुल्यापर्यंत ठीक होतं. पुढं रस्त्याला जिथं खड्डा नव्हता तिथं दगड होता. न्हावऱ्याच्या अलीकडं मला आत ठणका जाणवायला लागला. न्हावऱ्याला चढलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी माझी जागा दिली, ते आशीर्वाद देत बसले, आणि मी दांडीला लोंबकळत शिरूरपर्यंत गेलो. उतरलो तेव्हा अंगात ताप भरला होता आणि तिथं लिंबाएवढी गाठ.

मला बघताच सासऱ्यांनी शेजाऱ्याकडून खुर्ची मागून आणली. त्यावर उशी ठेवली आणि म्हणाले, "बसा, जावईबापू."

"नको, बरंय उभा."

"आवो बसा की. लांबचं आलाय."

"खरंच नको."

सासऱ्यांचा चेहरा पडला. जावई आल्यावर बसत नाही म्हणजे रुसून आलाय, लेकीला सोडायचं बोलायला आलाय, असा त्यांनी अर्थ घेतला. ते हात जोडून म्हणाले, "आमच्या पोरीचं काय चुकलं आसंल तर बोला. पर आसं उंबऱ्यात हुभं राहून आमचा काळजाचा ठोका चुकवू नगा." सासूबाई डोळ्याला पदर लावून आत गेल्या. मला घाम फुटला होता. मी आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिलो असतो तर माझा संसार एका खुर्चीवरून मोडला असता.

तेवढ्यात बायको बाहेर आली. माझ्याकडं बघितलं, कपाळाला हात लावला आणि हात धरून मला थेट परसात नेलं. "काय झालंय? खरं बोला."

मी सांगितलं. आधी म्हणालो मांडीला. मग म्हणालो मांडीच्या वर. मग कंबरेच्या खाली. ती म्हणाली, "मधी काय उरलं आता?" मग मी सगळं सांगितलं. बेंड, भोक, डाग, सुरण, पहाटेचं धुणं. सांगताना मला रडू आलं, ठणक्यानं आलं की सुटल्यासारखं वाटून, कोण जाणे.

मग तिला हसू आलं. ते आवरेना, म्हणून तिनं तोंडात पदर कोंबला. आणि हसता हसता तिनं माझ्या दंडावर एक जोरात चापट मारली. "ह्याच्यापायी? ह्याच्यापायी म्या तीन म्हैनं उशीत तोंड घालून रडले?"

तिनंच मला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पालथं झोपवून तपासलं, गाठीला चीर दिली, पू काढला. जरा बरं वाटल्यावर म्हणाले, "मूळव्याध नाही, भगंदर आहे. गुदद्वाराच्या आत बारीक ग्रंथी असतात. त्यातली एक पिकली, पू साठला आणि वाट काढत बाहेर फुटला. ती वाट तशीच राहिली. एक तोंड आत, एक बाहेर. बाहेरचं तोंड बुजलं म्हणून तुम्ही खूश झालात, पण आतून घाण येतच होती. ती तुंबली."

मी विचारलं, "मग औषध?"

"पोटात घ्यायच्या औषधानं ही वाट बुजत नाही. ऑपरेशन लागेल. काही वैद्य औषधाचा दोरा ओवून हळूहळू कापत आणतात, त्यानंही बरं होतं, पण जाणकार हात हवा. वाट शौचाच्या स्नायूतून किती गेलीय ते आधी बघावं लागतं. तो स्नायू जास्त कापला गेला तर शौचावर ताबा राहत नाही. तुमची वरवरची वाटतेय. पुण्याला रेल्वेच्या दवाखान्यात दाखवा. वाट सबंध उघडून ठेवतील आणि तळातून भरत येऊ देतील."

मी पालथा पडल्या पडल्या कपाळ बडवून घेतलं. कारण हे मला येत होतं! पाटाच्या बांधाला खेकडा बीळ पाडतो. बाहेरून पाणी गळताना दिसतं. नवशिका माणूस बाहेरच्या भोकात चिखल कोंबतो आणि घरी जातो, आणि सकाळी बांध फुटलेला असतो. आप्पांनी मला लहानपणीच शिकवलं होतं, आतलं तोंड हुडकायचं, बीळ या टोकापासून त्या टोकापर्यंत खोदून उघडं करायचं आणि तळापासून माती चोपत वर यायचं. मी असली कितीतरी बिळं बुजवली होती. आणि स्वतःच्या बिळावर सुरण खात बसलो होतो.

पुण्याला ऑपरेशन झालं. कमरेत इंजेक्शन दिलं, खालचं सगळं परकं झालं. सर्जननी एक बोथट सळई आत घालून वाट शोधली आणि ती उघडी केली. आई बघायला आली होती. जखमेला टाके घातले नाहीत हे कळल्यावर ती नर्सला म्हणाली, "बाई, डागदर शिवायचं इसारलं." नर्सनं समजावलं की वरून शिवली तर आत पुन्हा पोकळी राहील. आईला पटलं नाही. ती मला निघताना हळूच म्हणाली, "सुई-दोरा हाय माझ्याकडं."

घरी आल्यावर खरी कसोटी. रोज शौचानंतर गरम पाण्याच्या घमेल्यात बसायचं आणि मग जखमेची पट्टी बदलायची. दौंड स्टेशनचा बुकिंग क्लार्क, आप्पांचा खुर्चीवाला मुलगा, क्वार्टरच्या मोरीत घमेल्यात बसलेला असायचा. मलमपट्टी माझी मला जमत नव्हती. आरसा धरला तर पट्टी सुटायची, पट्टी धरली तर आरसा. बायको एक दिवस बघत राहिली आणि म्हणाली, "पालथं व्हा." मी म्हणालो, "तू नको, घाण असते." ती म्हणाली, "फिरून म्हना बरं एकदा." मी पालथा झालो.

जखम भरेपर्यंत रोज तिनं पट्टी केली. माझे डागाचे कपडे तिनं उकळत्या पाण्यात टाकले, नळावर नेले आणि सगळ्या बायकांसमोर धुतले. फायरमनला कोण आनंद झाला! नळावरूनच ओरडला, "काय बाबू, सपली का समता?" मला त्याला काही उत्तर देता आलं नाही. मी तेव्हा पालथा होतो.

अखेर एकदा जखम तळापासून भरून वर आली. डॉक्टरांनी बघून सांगितलं, झालं. मी ड्यूटीवर गेलो, खुर्चीत टेकलो, आणि दिवसभर उगीचच हललो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आला तशी बायकोनं मला हलवून उठवलं. दारात बादली भरलेली. मी म्हणालो, "आता कशाला? आता तर काही लपवायचं नाही."

"म्हनूनच," ती म्हणाली. "तवा लपवायला धूत व्हता. आता समतेचं धुवा. म्या मांडवात बसून ऐकलंय सगळं."

मी बादली उचलली आणि दगडाशी जाऊन बसलो. फायरमन दात घासत बघत होता. बादलीत हात घातला तर वर माझा लेंगा, आणि त्याला पिळा पडलेलं तिचं पातळ आणि चोळी, एकाच पाण्यात भिजलेली. मी वळून दाराकडं बघितलं. ती उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "येगळी करू नका. एकत्रच चोळा."